भुकेला रकाना नव्हता

१८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती २८,९७,४९१ भरली होती. १९०१ च्या मार्चमध्ये मोजणीदार पुन्हा दारोदार फिरले तेव्हा ती २७,५४,०१६ निघाली. दहा वर्षांत १,४३,४७५ माणसे कमी. त्याआधीच्या दशकात हाच मुलूख आठ टक्क्यांहून अधिक वाढला होता. तोच वेग टिकला असता तर १९०१ साली वऱ्हाडात एकतीस लाखांच्या वर माणसे असायला हवी होती. म्हणजे खरी तूट पावणेचार लाखांच्या पुढे जाते. त्यात मेलेले आहेत, गाव सोडून गेलेले आहेत, आणि उपाशी आयांच्या पोटी जी जन्मालाच आली नाहीत तीही आहेत.

जगभरच्या दुष्काळांवर लिहिणारे वऱ्हाडचे नाव घेतात ते बहुधा यातल्या पहिल्या वजाबाकीसाठी. अमेरिकी लेखक माइक डेव्हिस यांच्या ‘लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स’ या गाजलेल्या ग्रंथात असे विधान आहे की, १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसे थेट उपासमारीने मेली. हा आकडा दोन शिरगणत्यांच्या फरकाशी इतका जुळतो की तो मृतांचा नसून तुटीचा असावा, असे मला वाटते. मेलेल्यांची संख्या त्याहून मोठीच असणार, कारण त्या दशकात जन्मही झाले होते आणि कापसाच्या हंगामासाठी बाहेरून मजूरही येत होते. पण डेव्हिस यांनी उपस्थित केलेला मूळ प्रश्न आकड्याच्या या घोळाने निकालात निघत नाही. त्यांनी वसाहतींतले दुष्काळ विसाव्या शतकातल्या मोठ्या संहारांच्या रांगेत आणून बसवले. अमरावती-अकोल्याकडची ती माणसे दुष्काळाने मेली, की त्यांना राज्यकर्त्यांनी मरू दिले, की मारले? या तीन क्रियापदांत फार अंतर आहे, आणि ते मोजायचे तर आधी वऱ्हाड नीट पाहायला हवे.

नोंदींपासून सुरुवात करू. वऱ्हाडात गावोगावचे पाटील जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत आणि ती पोलीस ठाण्यामार्फत वर जाई. ही नोंदवही हिंदुस्थानातल्या बऱ्यापैकी भरवशाच्या नोंदींमध्ये गणली जाते. ब्रिटिश लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी वऱ्हाडच्या लोकसंख्येचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिला तो याच कागदांच्या आधारावर. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९०० या एका वर्षी वऱ्हाडातले सरासरी आयुर्मान दहा वर्षांच्याही खाली गेले होते. त्या वर्षीचा मृत्युदर जन्मभर तसाच राहिला असता, तर तेव्हा जन्मलेले मूल सरासरीने दहाव्या वाढदिवसापर्यंतही पोहोचले नसते, असा त्याचा अर्थ.

नोंदवहीत मृत्यूच्या कारणांचे रकाने छापील असत. पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, इजा, आणि ‘इतर कारणे’. भूक हे कारण त्यात नव्हते. उपाशी माणूस शेवटी कशाने तरी जातोच, तेव्हा पाटलाने लिहिलेले ‘ताप’ किंवा ‘हगवण’ हे खोटे नसे. खोटे काहीच न लिहिता एवढ्या माणसांच्या मरणाचे कारण कागदावरून नाहीसे होण्याची सोय त्या रकान्यांतच होती.

हा मुलूख तेव्हा नेमका कोणाचा होता, हेही गमतीचे आहे. गमतीचे म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्या दुहेरी अमलाखाली वऱ्हाड आधीच पिळून निघाला होता. १८०३ साली अडगाव आणि गाविलगडाच्या लढाया वेलेस्लीने जिंकल्या आणि वऱ्हाड निजामाकडे गेला. निजामाच्या नावाने इंग्रजांनी जी कंटिन्जंट फौज उभी केली तिचा खर्च थकत गेला, आणि १८५३ च्या मे महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने त्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे. घरमालक वेगळा, भाडेकरू वेगळा, आणि घरात राहणाऱ्या माणसाला दोघांपैकी कोणाचेच दार ठोठावता येत नाही, असा हा प्रकार होता.

भाडेकरूला या घराचा एकच कोपरा हवा होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि मँचेस्टरची नजर काळ्या मातीवर खिळली. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. १८७० साली जलंबहून खामगावला आठ मैलांचा फाटा निघाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या कापूस बाजारात येऊन गेले. पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीचा सहा मैलांचा फाटा. या फाट्यांची लांबी पाहिली की हेतू कळतो. जिथे कापसाचा बाजार, तिथपर्यंत रूळ. त्याच्या पुढे बैलगाडी.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी एक स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला होता, हॅरी रिव्हेट-कारनॅक. त्याचे अहवाल वाचताना एका गोष्टीचे नवल वाटते. तो काहीच लपवत नाही. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग इथे सुतात जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि सूत कातणारी-विणणारी माणसे शेतमजुरीला मोकळी होतील, अशी आशा त्याने सरकारी कागदावर उतरवली आहे. तसेच घडले. कोष्टी, साळी, महार विणकर यांच्या हातचे काम गेले आणि ती माणसे दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणीला लागली. ज्याच्याकडे जमीन नाही आणि माग नाही, अशा माणसाला आता रोजची भाकर रोजच्या मजुरीतूनच विकत घ्यावी लागणार होती.

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अजून कौतुकाने सांगतो. कुऱ्हाड सोन्याची असली तरी पडते ती पायावर, हे त्या तीस वर्षांत दिसून आले. ज्वारी वऱ्हाडातून हद्दपार झाली नव्हती, हे खरे. पऱ्हाटीच्या शेजारी ज्वारी उभी असेच. पण ती शेतात राहिली, गावात राहिनाशी झाली. पूर्वी गावाच्या पांढरीत, गढीच्या आसपास ज्वारीची पेवे असत. चांगले साल आले की ती भरायची आणि वाईट साली उघडायची. दोन-तीन वर्षांची ज्वारी पेवात असणे ही श्रीमंती होती, आणि पाटलाच्या पेवावर बलुतेदाराचा, सालदाराचा काही ना काही हक्क चाले; उपकार म्हणून का होईना. रेल्वे आली, मुंबईचा भाव तारेने अकोल्याला कळू लागला, सारा रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा झाला, आणि ज्वारी पेवात कुजवत ठेवण्यापेक्षा विकून मोकळे होणे शहाणपणाचे ठरले. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध तपशिलाने उलगडला आहे. त्यात धान्याच्या या साठ्यांचे संपणे, गायराने लागवडीखाली जाणे आणि जंगल राखीव होणे या तिन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवलेल्या दिसतात. काळ पडला की गरिबाला मोहाची फुले, कंद, डिंक आणि चारा देणारे जंगलच तारायचे. मेळघाटात १८६० च्या दशकापासूनच जंगलाला सरकारी कुंपण पडू लागले होते, आणि कोरकूंना आपल्याच रानात परवानगी मागावी लागत होती.

१८९६-९७ चा दुष्काळ वऱ्हाडने कसाबसा सोसला. मजूर, बैल आणि घरातले किडूकमिडूक त्यातून सावरते न सावरते तोच १८९९ चा पाऊस फिरला. राजपुताना, गुजरात, खानदेश, मध्य प्रांत, हैदराबाद आणि वऱ्हाड, सगळीकडे एकदम. पेरलेले करपले. कडबा नाही म्हणून गुरे मेली. पऱ्हाटी उगवून वर आलीच नाही, तर निंदण कसले, वेचणी कसली आणि जिनमध्ये सरकी काढायला माणसे कशाला? आणेवारी शेतकऱ्यासाठी असते. ज्याला शेतच नाही त्याच्या पिकाची आणेवारी कोण लावणार? धान्य बाजारात होते. ते विकत घेण्याचा पैसा मजुराच्या हाती नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या दुष्काळाविषयी जे मांडून दाखवले, ते अकोल्याच्या बाजारात १९०० साली उघड्यावर चालू होते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे होईल. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या होत्या. त्यांप्रमाणे खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे निघाली, अन्नछत्रे उघडली, अपंग-म्हाताऱ्यांना कामाशिवाय शिधा मिळाला. १९०० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सबंध हिंदुस्थानात मदतीवर असलेल्यांची संख्या साठ लाखांच्या वर गेली होती. एवढा मोठा पसारा तोवर जगात कुठल्या सरकारने मांडला नव्हता, असे इंग्रज अभिमानाने सांगत, आणि ते बरोबरही असेल.

पण पसाऱ्याच्या आत एक कसोटी बसवलेली होती. मदत खऱ्या गरजवंतालाच मिळावी म्हणून ती मिळवणे अवघड करायचे. काम कष्टाचे, मजुरी जेमतेम जगण्यापुरती, ठरलेली खडी फोडली नाही तर त्यातही कपात. माणूस एवढ्यावरही आला, तरच तो खरा उपाशी. या कसोटीत एक बारीक खोट आहे. ती पार होईपर्यंत माणसाच्या अंगात खडी फोडण्याचे बळ उरत नाही. कामांवर हजारो माणसे एकत्र, पाणी गढूळ आणि अपुरे. पटकी तिथूनच पसरली. पुढे १९०० चा पाऊस चांगला झाला, आणि पाऊस आला म्हणजे सुटलो असे वाटत असताना पाण्याची डबकी साचून हिवतापाने उरलेल्या अशक्तांना गाठले. पाटलांच्या वह्यांतला ‘ताप’चा रकाना भरून वाहू लागला तो असा.

व्हाइसरॉय होता कर्झन. त्याने त्या काळी जाहीरपणे मांडलेले तत्त्व थोडक्यात असे: उधळ्या परोपकारापायी हिंदुस्थानची तिजोरी धोक्यात घालणाऱ्या सरकारवर टीका व्हायलाच हवी, पण सरसकट दानधर्म करून जे सरकार रयतेचा कणा आणि स्वावलंबन मोडेल, ते तर सार्वजनिक गुन्ह्याचे धनी होईल. उपाशी माणसाला जेवू घालणे हा गुन्हा ठरण्याची भीती वाटणारा राज्यकर्ता विरळाच. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले होते आणि लंडनचे लक्ष आणि पैसा तिकडे होता. जर्मनीच्या कैसरने बर्लिनहून देणगी पाठवली. न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज मका भरून मुंबईला आले. आणि दुष्काळाची हकीकत विलायतेत पोहोचवण्यासाठी ज्या वर्तमानपत्राने व्हॉन नॅश या वार्ताहराला धाडले ते होते ‘मँचेस्टर गार्डियन’. वऱ्हाडच्या कापसावर पोसलेल्या गावाचेच वर्तमानपत्र.

आता निर्यातीकडे येऊ. डेव्हिस यांनी दिलेला दुसरा आकडा असा की, दुष्काळाच्या त्या वर्षी वऱ्हाडातून कापसाच्या हजारो गाठींबरोबरच ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही बाहेर गेले. गव्हाचा बुशेल साधारण २७ किलोंचा धरला तर हे दोन लाख क्विंटलच्या आसपास भरते. माणशी रोज अर्धा किलो धरा. तेवढ्या धान्यावर एक लाख दहा हजार माणसे वर्षभर जगली असती. हे गणित ठोकळ आहे. बाहेर गेलेले धान्य समुद्रापार गेले की शेजारच्या, वऱ्हाडाहूनही उपाशी मुलखात, हेही त्यातून कळत नाही. पण ज्या रुळांवरून ते गेले तेच रूळ दुष्काळ निवारणाचे साधन म्हणून सांगितले जात होते. रेल्वे धान्य पोहोचवते हे खरेच. ती ते पैसा असलेल्याकडे पोहोचवते.

इथे तुलना उपयोगी पडते. १९०४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे वऱ्हाडच्या काळानंतर चारच वर्षांनी, आजच्या नामिबियात जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरो लोकांविषयी लेखी हुकूम काढला. जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. बाकीच्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकलून पाण्याच्या जागा अडवल्या. हा वंशसंहार आहे, यावर आज वाद नाही. जर्मनीनेच २०२१ मध्ये तो कबूल केला. १९१५ ची आर्मेनियन माणसांची हकालपट्टी, नाझींनी केलेली साठ लाख ज्यूंची हत्या, १९९४ चे रवांडा, सगळीकडे एक गट शत्रू ठरवला गेला होता आणि त्याला संपवायचे हे ठरवून झाले होते. वऱ्हाडात असे कोणी ठरवले नव्हते. कर्झनला वऱ्हाडी माणूस नकोसा झाला नव्हता. उलट तो हवाच होता. कापूस कोण पिकवणार?

युक्रेनचे उदाहरण जास्त जवळचे आहे आणि म्हणून जास्त बोचरे. १९३२-३३ मध्ये तिथे तीस-चाळीस लाख माणसे उपाशी मेली, आणि सोव्हिएत रशिया तेव्हाही धान्य निर्यात करत होता. ‘जेनोसाइड’ ही संकल्पना कायद्याला देणारा राफाएल लेम्किन याने १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये बोलताना युक्रेनचा संहार वंशसंहारच ठरवला. पण स्टालिनच्या माणसांनी घरोघर झडत्या घेऊन धान्य ओढून नेले. ठरलेला कोटा न भरणाऱ्या गावांना काळ्या यादीत टाकून त्यांचा पुरवठा तोडला. १९३३ च्या जानेवारीत उपाशी शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडायलाही बंदी केली. वऱ्हाडात झडती नव्हती, बंदी नव्हती. माणूस मोकळा होता. बडनेऱ्याच्या फलाटावर ज्वारीच्या पोत्यांकडे पाहत बसायलाही मोकळा.

सर्वांत जवळचे उदाहरण आयर्लंडचे. १८४५ ते १८५२, बटाट्याचे पीक रोगाने गेले, दहा लाख मेले आणि तेवढेच देश सोडून गेले. तिथेही सार्वजनिक कामांची कसोटी होती, तिथेही व्यापारात हात घालायचा नाही हे ब्रीद होते, तिथूनही धान्य बाहेर जात होते. १८४७ मध्ये मक्याची आयात निर्यातीहून वाढली तोवर फार उशीर झाला होता. मदतकार्याची सूत्रे होती चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हाती. तोच पुढे हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री होऊन कलकत्त्याला आला. आयर्लंडमध्ये शिकलेला धडा असा बोटीने हिंदुस्थानात उतरला.

१९४८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या करारात वंशसंहाराची व्याख्या आहे. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गटाचा नाश व्हावा अशी जीवनस्थिती जाणूनबुजून त्याच्यावर लादणे, हे त्यातले एक कलम. वऱ्हाडचा खटला या कलमाखाली टिकणार नाही, असे माझे मत आहे. हेतू सिद्ध होत नाही. गट म्हणून कोणाला वेचून काढलेले नाही. उपाशी मरणाऱ्यांत सर्व जातीधर्मांची माणसे होती, आणि पैसेवाले तर कोणत्याच जातीचे मेले नाहीत. डेव्हिस यांनी वापरलेला ‘होलोकॉस्ट’ हा शब्द वाचकाला खडबडून जागे करण्यासाठी ठीक, न्यायनिवाड्यासाठी नाही.

पण म्हणून निसर्गाला दोष देऊन मोकळे होता येत नाही. सरकारचा बचाव नेहमी एकच असे: धान्याचा भाव आणि वाहतूक हा बाजाराचा प्रश्न, सरकारने बाजारात हात घातला तर व्यापारी बिथरतील आणि टंचाई वाढेल. हा बचाव वऱ्हाडात तरी टिकत नाही, आणि त्याचे कारण इंग्रजांच्याच कायद्याच्या पुस्तकात आहे. १८८६ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा इथे रेसिडेंटच्या हुकमाने हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा खास कायदा झाला, त्या प्रकारचा देशातला पहिला. बाजार कुठे भरेल हे सरकार ठरवणार. अडत्यांना आणि मापाड्यांना परवाना लागणार. ठरवलेल्या बाजाराबाहेर बाजार भरवता येणार नाही. देखरेखीला समिती. समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती. पिकवणाऱ्याला जागा नव्हती. गिरण्यांना स्वच्छ, खऱ्या वजनाचा कापूस मिळावा म्हणून सरकारला मापाड्याच्या तागडीपर्यंत पोहोचता येत होते. कायद्याच्या नावात धान्यही होते. पण ते धान्य कुठे चालले आहे हे विचारायचे म्हटले की त्याच सरकारला बाजाराच्या पावित्र्याची आठवण होई. आणि हा कायदा १८९७ मधला, पहिल्या दुष्काळाच्या ऐन सालचा. मला तरी वऱ्हाडच्या प्रकरणात याहून बोलका पुरावा दिसत नाही.

हस्तक्षेप केला तर माणसे वाचतात, हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. १८७३-७४ साली बिहारमध्ये रिचर्ड टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून ओतला आणि दुष्काळाचे मृत्यू जवळजवळ होऊ दिले नाहीत. हा टेंपल आपल्याकडचाच जुना जाणता. आधी नागपूरला मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, नंतर हैदराबादला रेसिडेंट, म्हणजे काही काळ वऱ्हाडचा कारभारीही. बिहारमधल्या खर्चाबद्दल त्याच्यावर एवढी टीका झाली की १८७७ साली मद्रास इलाख्यात त्याने नेमके उलटे केले. मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडा पैसा एवढ्यावर आणली. तिथे लाखो मेली. बढती मात्र अडली नाही. तो मुंबईचा गव्हर्नर झाला. कनिष्ठ अधिकाऱ्यांनी यातून काय शिकायचे ते शिकले.

अमरावतीला हे कळत नव्हते असे नाही. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीलाच भरले, शंकरन नायर अध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. त्याच्या वर्षभर आधी दुष्काळ संहितेत रयतेचे कोणते हक्क आहेत ते ‘केसरी’ आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगाव सांगत होती. पीक बुडाले असेल तर सारा भरू नका, हे सांगणे त्यात होते. सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. उपाशी माणसाला सरकारचाच कायदा वाचून दाखवणे ही चळवळ ठरली. १९०० मध्ये रमेशचंद्र दत्तांनी सारा आणि दुष्काळ यांचा संबंध मांडणारी जाहीर पत्रे कर्झनला लिहिली. कर्झनने सरकारी ठरावाने त्यांना उत्तर दिले. वाद आकड्यांचा झाला, दोन्हीकडून विद्वत्तापूर्ण.

बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून गावोगाव आहेत. तेव्हाही महाराष्ट्रात पाऊस गेला होता, तेव्हाही माणसे खडी फोडत होती, मिलो ज्वारी खात होती, मुकादमाच्या मस्टरवर अंगठे उठवत होती. १९७३ च्या मे महिन्यात कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. हाल झाले, गुरे गेली, पण १९०० सारखी माणसे मेली नाहीत. साधन जवळपास तेच होते, दगड आणि हातोडा. फरक एवढाच की कामावर घ्यावे म्हणून मोर्चा काढता येत होता, आमदाराला रस्त्यात अडवता येत होते, आणि पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पुन्हा १९०० कडे येऊ. पंजाबराव देशमुखांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा, डिसेंबर १८९८ चा. मोठ्या काळाच्या वर्षी ते तान्हे होते. त्या वयाची अनेक मुले वाचली नाहीत. जी वाचली त्यांतला हा एक पुढे स्वतंत्र भारताचा कृषिमंत्री झाला.

१९०० च्या दुष्काळाची चौकशी करायला अँटनी मॅक्डोनेलच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि १९०१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात चांगल्या सूचना होत्या. तगाई वेळेवर द्या, सारा आधीच तहकूब करा, लोकांचा धीर खचू देऊ नका. पण एकंदर मदतीविषयी आयोगाचा निष्कर्ष असा होता की ती जरा जास्तच झाली.

पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९०२ रोजी, कर्झनने निजाम मीर महबूब अली खानाशी वऱ्हाडचा नवा करार केला. मुलूख इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने, निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. ताज्या शिरगणतीने मोजून ठेवलेल्या २७ लाख ५४ हजार माणसांवर ही रक्कम वाटली तर माणशी साडेचौदा आणे पडतात.